इस्रोत जायचं असेल तर एरोस्पेस इंजिनिअरिंगच करावं लागतं का?

इस्रोच्या गेल्या तीन अध्यक्षांचं शिक्षण पाहिलं तर या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. के. सिवन यांनी १९८० साली चेन्नईच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. त्यांच्यानंतर आलेले एस. सोमनाथ हे केरळातल्या कोल्लमच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. जानेवारी २०२५ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या व्ही. नारायणन यांची सुरुवात मेकॅनिकलच्या डिप्लोमापासून झाली. म्हणजे तिघांपैकी एकाचीच इंजिनिअरिंगची पहिली पदवी विमानशास्त्रातली आहे.

इतर नावंही अशीच आहेत. चांद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल डिप्लोमा करून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. मंगळयान आणि चांद्रयान-२ मोहिमांमुळे माहीत झालेल्या ऋतु करिधाल मूळच्या लखनौ विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या. रॉकेटच्या घन इंधनावर ज्यांनी मोठं काम केलं आणि जे पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले, ते पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर केमिकल इंजिनिअर होते.

उरलेलं अर्धं उत्तर यांच्या दुसऱ्या पदवीत आहे. सोमनाथ आणि करिधाल या दोघांनी पुढचं शिक्षण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एरोस्पेसमध्ये घेतलं. नारायणन यांची डॉक्टरेट आयआयटी खरगपूरची, एरोस्पेसमधलीच. सिवन यांचीही डॉक्टरेट त्याच विषयातली, आयआयटी मुंबईची. म्हणजे हा विषय लागतो, पण बारावीनंतर लगेच आणि त्याच नावाची पदवी घेऊनच लागतो असं नाही.

हा फरक प्रवेशाच्या धावपळीत हरवतो. मुलाला किंवा मुलीला विमानांचं वेड असतं, टीव्हीवर चांद्रयानाचं लँडिंग पाहिलेलं असतं, कुठल्यातरी खासगी कॉलेजच्या माहितीपत्रकावर रॉकेटचं चित्र असतं आणि चार वर्षांची फी भरली जाते. ही पदवी काय शिकवते, कोणत्या नोकरीचं दार उघडते आणि कोणतं उघडत नाही, हे फी भरण्याआधीच पाहिलेलं बरं.

एरोनॉटिकल, एरोस्पेस आणि चार खांब

वातावरणात उडणाऱ्या वाहनांचं शास्त्र ते एरोनॉटिकल, त्यात अंतराळात जाणारी वाहनं मिळवली की एरोस्पेस. भारतातल्या कॉलेजांमध्ये दोन्ही नावं चालतात आणि पहिल्या तीन वर्षांचा अभ्यासक्रम बराचसा सारखाच असतो. त्यामुळे नावावरून फार ऊहापोह करण्यात अर्थ नाही.

अभ्यासाचे चार खांब आहेत. हवेचा प्रवाह आणि त्यातून मिळणारी उचल म्हणजे एरोडायनॅमिक्स. इंजिन आणि रॉकेट मोटर म्हणजे प्रोपल्शन. सांगाडा, पंख, त्यांच्यावर येणारे ताण म्हणजे स्ट्रक्चर्स. आणि वाहन हवेत स्थिर कसं राहतं, वळतं कसं, त्याला ताब्यात कसं ठेवायचं हे शिकवणारा फ्लाइट मेकॅनिक्स व कंट्रोलचा भाग. अंतराळाकडे झुकलेल्या अभ्यासक्रमात कक्षांचं गणितही येतं.

यातलं बरंचसं मेकॅनिकलमध्येही शिकवतात. मग वेगळी शाखा कशाला? मुख्य कारण वजन. पूल किंवा क्रेन बांधताना इंजिनिअर शंका आली की थोडं जास्त लोखंड घालू शकतो. विमानात ती चैन नसते. प्रवासी विमानाच्या सांगाड्याला प्रत्यक्ष सेवेत अपेक्षित असलेल्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार सोसावा लागतो, असा आंतरराष्ट्रीय पातळीवर रुळलेला नियम आहे. दीडपट म्हणजे फार नाही. पण त्यापेक्षा बरंच जास्त मजबूत बांधलं तर विमान जड होतं, जास्त इंधन खातं आणि कमी माणसं नेतं. म्हणून हिशेब इतका नेमका करावा लागतो की थोडकी राखीव ताकदही पुरेशी ठरावी.

रॉकेटमध्ये हे आणखी टोकाला जातं. पीएसएलव्हीची मोठी आवृत्ती उड्डाणाच्या वेळी सुमारे ३२० टनांची असते आणि ध्रुवीय कक्षेत ती साधारण पावणेदोन टनांचा उपग्रह पोचवते. एकूण वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. वरच्या टप्प्यात एक किलो वजन वाढलं की उपग्रहाचा जवळपास तितकाच वाटा कमी होतो.

दुसरं कारण असं की उडणाऱ्या वाहनात सगळे विषय एकमेकांत गुंतलेले असतात. हवेच्या दाबाने पंख वाकतो, वाकल्यामुळे त्याच्यावरचा प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की दाब बदलतो आणि पंख पुन्हा वेगळा वाकतो. एका ठरावीक वेगाच्या पुढे ही देवाणघेवाण थांबतच नाही आणि पंख थरथरत तुटू शकतो. याला फ्लटर म्हणतात. हवा जाणणारा इंजिनिअर एकटा याचं उत्तर देऊ शकत नाही आणि सांगाडा जाणणाराही नाही. एरोस्पेसच्या पदवीचं खरं मोल इथे आहे: अख्खं वाहन एकदम डोळ्यांसमोर ठेवायची सवय ती लावते.

या विषयाचे धडे महागात शिकले गेले आहेत. जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान म्हणजे ब्रिटनचं कॉमेट. १९५४ मध्ये, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, अशी दोन विमानं हवेतच फुटली. फार्नबरोच्या संशोधकांनी विमानाचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवलं, आतला दाब पुन्हापुन्हा वाढवला, पुन्हापुन्हा उतरवला. प्रत्येक उड्डाणात केबिन जशी फुगते आणि आक्रसते, तसं. अखेर उघड्या भागांच्या कोपऱ्यांपाशी भेगा पडून धड फाटलं. धातू एका झटक्यात तुटला नव्हता, थकला होता. आजच्या विद्यार्थ्याला धातूच्या थकव्याचं गणित शिकवताना हे उदाहरण हमखास येतं.

आणि गणित हा शब्द इथे जपून वाचायला हवा. विमानांची मॉडेल बनवण्याची हौस ही चांगली सुरुवात आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रोजचा संबंध येतो तो विकलन समीकरणांशी, मॅट्रिक्सशी आणि संगणकावर लिहिलेल्या कोडशी. विमान आवडतं पण गणित नकोसं वाटतं, अशा मुलांचा या शाखेत फार लवकर हिरमोड होतो.

विमान बनवणारा, दुरुस्त करणारा आणि उडवणारा

घराघरांत होणारा सर्वांत महागडा गोंधळ हाच आहे. हे तीन वेगळे व्यवसाय आहेत आणि तिघांची प्रवेशद्वारं वेगळी आहेत.

पायलट होण्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, लेखी परीक्षा घेतं, वैद्यकीय तपासणी लागते आणि किमान २०० तासांचं उड्डाण करावं लागतं. खर्च लाखांत, अनेकदा अर्ध्या कोटीच्या पुढे. उलट बाजूने, एरोनॉटिकलची पदवी असली म्हणून कुणी पायलट होत नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतूनच एरोनॉटिकल इंजिनिअरिंग केलं आणि हवाई दलात वैमानिक होण्यासाठी डेहराडूनला निवड मंडळापुढे गेले. जागा आठ होत्या, त्यांचा क्रमांक नववा आला.

दुरुस्त करणाऱ्याला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, बोलीभाषेत एएमई म्हणतात. ही डिग्री नव्हे, परवाना आहे. डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण, डीजीसीएच्या परीक्षा आणि खऱ्या विमानांवरचा अनुभव, यानंतर तो मिळतो. इंजिन आणि सांगाड्याकडे पाहणाऱ्यांचा बी-१ हा वर्ग, तर विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणाऱ्यांचा बी-२. देखभालीनंतर विमान उड्डाणासाठी योग्य आहे, अशी सही हाच माणूस करतो. एखाद्याकडे आयआयटीची एरोस्पेसची पदवी असली तरी परवान्याशिवाय ती सही करता येत नाही. आणि एएमईचा परवाना असला तरी त्यावर विमानाचं डिझाइन करणाऱ्या विभागात नोकरी मिळेलच असं नाही.

हे नीट समजून घेण्याचं आणखी एक कारण आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर जाहीर केली. या बातम्या दाखवून ‘एव्हिएशनमध्ये प्रचंड संधी’ असं सांगितलं जातं. संधी खरी आहे, पण ती मुख्यतः पायलट, केबिन क्रू, विमानतळ कर्मचारी आणि एएमई यांच्यासाठी. ती विमानं डिझाइन झाली तूलूज आणि सिअ‍ॅटलमध्ये. विमान कंपनीला ती उडवायची आणि सांभाळायची असतात. एएमई करायचं ठरलं, तर संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आणि हव्या त्या वर्गासाठी आहे का, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावं. माहितीपत्रकावर विसंबू नये.

प्रवेश कुठे मिळतो?

मुंबई, मद्रास, कानपूर आणि खरगपूर या चार जुन्या आयआयटींमध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून एरोस्पेसला प्रवेश मिळतो. जेईई मेनच्या आधारे शिबपूरची आयआयईएसटी आणि चंडीगडचं पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज हे जुने पर्याय आहेत. कल्पना चावला यांनी १९८२ मध्ये चंडीगडच्या याच कॉलेजातून एरोनॉटिकलची पदवी घेतली होती. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटीमधून प्रवेश देणारी कॉलेजं मोजकी आणि मुख्यतः खासगी आहेत.

तिरुअनंतपुरमची आयआयएसटी ही संस्था वेगळी काढून सांगायला हवी. अंतराळ विभागाने २००७ मध्ये ती सुरू केली ती इस्रोला मनुष्यबळ मिळावं म्हणूनच. प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून होतो. एरोस्पेस आणि एव्हिऑनिक्सकडे झुकलेलं इलेक्ट्रॉनिक्स या तिथल्या मुख्य शाखा आहेत. ठरलेल्या पातळीचे गुण मिळवणाऱ्यांना इस्रोत सामावून घेतलं जातं, मात्र रिक्त जागा असतील तरच. बारावीनंतर थेट इस्रोकडे जाणारी वाट म्हणावी अशी ही एकच, आणि तीही अटींसह.

आयआयटीत अनेक विद्यार्थी एरोस्पेसला येतात ते त्या क्रमांकावर तीच शाखा मिळते म्हणून, हेही खरं. त्यातले बरेच जण पुढे सॉफ्टवेअर, डेटा किंवा फायनान्समध्ये जातात. चांगलं गणित आणि कोडिंग येणाऱ्या माणसाला तिथे मागणी असते, त्यामुळे त्यांचं नुकसान होत नाही. पण आयआयटीच्या नावावर मिळालेला हा सुटकेचा रस्ता एखाद्या लहान खासगी कॉलेजच्या एरोनॉटिकल पदवीधराला तितका सहज मिळत नाही. दोघांची पदवी एकाच नावाची असली तरी जोखीम सारखी नाही.

सरकारी संस्थांची दारं

इस्रोच्या शास्त्रज्ञ/इंजिनिअर पदांच्या मोठ्या भरतीत वर्षानुवर्षं तीन शाखांचा बोलबाला आहे: मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स. पदवीला किमान ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए ही अट असते. निवड कधी इस्रोच्या स्वतःच्या लेखी परीक्षेतून, कधी गेटच्या गुणांवर, आणि नंतर मुलाखत. एरोस्पेसच्या पदवीधरांसाठी जागा निघतात त्या मुख्यतः वेगवेगळ्या केंद्रांच्या स्वतंत्र जाहिरातींत, आणि त्या थोड्या असतात.

अंतराळ संस्थेला एरोस्पेसवाले कमी का लागतात, हा प्रश्न साहजिक आहे. पण उपग्रह म्हणजे मोठ्या प्रमाणात इलेक्ट्रॉनिक्स. रॉकेट म्हणजे टाक्या, झडपा, वेल्डिंग, उष्णतेचं नियंत्रण, चाचण्या. आणि जमिनीवरचं नियंत्रण म्हणजे सॉफ्टवेअर. उड्डाणमार्ग आखणारे, प्रवाहाचं गणित करणारे गट तुलनेने लहान असतात, आणि तिथे पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांना जास्त विचारलं जातं.

एरोस्पेसच्या पदवीला खरी जागा आहे ती संरक्षण संशोधनात. गेटमध्ये एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर असतो आणि त्याच्या गुणांवर डीआरडीओच्या ‘सायंटिस्ट बी’ पदासाठी एरोनॉटिकल शाखेतून अर्ज करता येतो. ‘तेजस’ घडवणारी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी, जेट इंजिनावर काम करणारी गॅस टर्बाइन संशोधन संस्था, चालकविरहित विमानांवर काम करणारी एडीई, शिवाय सीएसआयआरची राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा, सगळ्या बंगळुरूत. म्हणजे या शाखेत शिरणाऱ्याने बंगळुरूला राहायची तयारी मनातल्या मनात करूनच ठेवावी. इस्रो आणि डीआरडीओतल्या या पदांचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपये, त्यावर भत्ते.

या कामाचा वेग मात्र आधी समजून घ्यावा. हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली. पहिलं उड्डाण झालं ४ जानेवारी २००१ रोजी. हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनमध्ये तेजस दाखल झालं जुलै २०१६ मध्ये. म्हणजे पंचविशीत या प्रकल्पावर रुजू झालेला इंजिनिअर विमान सेवेत जाताना पाहून जवळपास निवृत्तीला टेकला. त्या विमानासाठी देशात विकसित होत असलेलं कावेरी इंजिन वेळेत अपेक्षित ताकद देऊ शकलं नाही आणि तेजस अमेरिकी जीई इंजिनावर उडतं. एका पानावर न मावणारं, वीस वर्षं पुरणारं कोडं ज्याला आवडतं त्याच्यासाठी ही जागा आहे. दर दोन वर्षांनी काही नवं हवं असणाऱ्याचं इथे मन लागणं कठीण. पुढच्या पिढीच्या अ‍ॅम्का या लढाऊ विमानाच्या विकासासाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी रुपये मंजूर झाले. आज बारावीत असलेल्या मुलांना आकार घेताना दिसेल ते हे विमान.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, मराठी माणसाशी जुना संबंध आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत ही कंपनी उभी केली. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले विष्णू माधव घाटगे तिथे डिझाइनचे प्रमुख झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बनलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. आज नाशिकजवळच्या ओझरला एचएएलचा कारखाना आहे. मिग, मग सुखोई-३० आणि आता तेजस. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरमध्ये बनलेल्या तेजस मार्क-१ए ने पहिलं उड्डाण केलं.

हवाई दलातही एक शाखा आहे, जिच्या नावावरून फसगत होते. तिथे ‘एरोनॉटिकल इंजिनिअर’ हे तांत्रिक अधिकाऱ्याच्या शाखेचं नाव आहे, इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल असे तिचे दोन भाग. त्यासाठी मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर अशा कितीतरी शाखांचे पदवीधर पात्र असतात. निवड एएफकॅट परीक्षा आणि त्यानंतरच्या मुलाखत मंडळातून.

खासगी क्षेत्र: बंगळुरूची टेबलं आणि महाराष्ट्रातली यंत्रं

बोइंग, एअरबस, जीई यांची मोठी अभियांत्रिकी केंद्रं बंगळुरूत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये देवनहळ्ळीजवळ बोइंगच्या ४३ एकरांच्या संकुलाचं उद्घाटन झालं. याशिवाय सायंट, एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस, टीसीएस अशा कंपन्या परदेशी उत्पादकांसाठी डिझाइन आणि विश्लेषणाचं काम करतात. एरोस्पेसच्या अनेक पदवीधरांची पहिली नोकरी याच प्रकारची असते. संगणकावर एखाद्या ब्रॅकेटचा किंवा पॅनेलचा ताण तपासायचा, बदल सुचवायचा, अहवाल लिहायचा. विमान प्रत्यक्ष पाहायलाही मिळत नाही, अशी तक्रार ऐकू येते. ती खोटी नाही, पण प्रमाणपत्रासाठी कागद कसा बनतो हे इथे जितकं शिकायला मिळतं तितकं कॉलेजात मिळत नाही, आणि ते ज्ञान पुढे कुठेही चालतं.

महाराष्ट्राची ताकद दुसरीकडे आहे. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं बनतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, एकेकाळी साखरेच्या यंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यात, पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मोटरची आवरणं तयार झाली. पवईला एल अँड टीने एलव्हीएम-३ च्या मोठ्या बूस्टरचे भाग बनवले. पुण्याजवळ चाकणला जीईचा कारखाना विमान इंजिनांचे भाग बनवतो. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ साठी कॉम्पोझिटचे फ्लोअर बीम बनले, फाल्कन जेटचे भाग बनतात, आणि तिथे मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभालीचं केंद्रही आहे.

या कारखान्यांना हवे असतात मेकॅनिकल, प्रॉडक्शन आणि मेटलर्जीचे इंजिनिअर, डिप्लोमाधारक, सीएनसी चालवणारे, विशेष वेल्डिंग येणारे आयटीआयचे तरुण. रॉकेटवर हात ठेवून काम करायचं स्वप्न असेल तर ते या दारांतून अनेकदा लवकर पुरं होतं. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत मात्र या कारखान्यांचं नाव क्वचितच निघतं.

नव्या कंपन्यांमुळे गेल्या पाच-सहा वर्षांत चित्र थोडं हललं आहे. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था उभी राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस आणि मे २०२४ मध्ये आयआयटी मद्रासमधून निघालेल्या अग्निकुलचं चाचणी रॉकेट उडालं. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज ड्रोन बनवते आणि २०२३ मध्ये ती शेअर बाजारात आली. लहान कंपनीत एकाच माणसाला टाकीही डिझाइन करावी लागते आणि चाचणीला उभंही राहावं लागतं, त्यामुळे अख्ख्या वाहनाचा विचार करणाऱ्या एरोस्पेसवाल्याला तिथे किंमत आहे. नोकरीची शाश्वती सरकारी संस्थेसारखी नाही, हे उघडच.

अशा कंपन्या मुलाखतीत पहिल्यांदा विचारतात ते ‘काय बनवलंस?’ आणि त्याचं उत्तर कॉलेजात तयार होतं. जून २०१६ मध्ये इस्रोने पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा किलोभराहून किंचित कमी वजनाचा उपग्रह सोडला. त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. सीओईपीत एरोस्पेसची शाखा नव्हती. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर अशा शाखांच्या मुलामुलींच्या कित्येक तुकड्यांनी तो पुऱ्या आठ वर्षांच्या आसपास जपला, एकमेकांच्या हाती दिला.

परदेशी जाऊन नासा, स्पेसएक्स?

एम.एस. करायला अमेरिकेत प्रवेश मिळतो, त्यात अडचण नाही. अडचण नोकरीच्या वेळी येते. अमेरिकेचे आयटार नावाचे नियम रॉकेट आणि लष्करी विमानांचं तंत्रज्ञान शस्त्रास्त्रांच्या यादीत धरतात. ती माहिती कंपनीने नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आश्रय मिळालेले निर्वासित यांच्याखेरीज कुणाला दाखवायची तर सरकारी परवाना लागतो. त्या भानगडीत कंपन्या सहसा पडत नाहीत. म्हणून विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या भारतीयाला, गुण कितीही चांगले असले तरी, रॉकेट कंपन्यांच्या जाहिरातीत आधीच बाजूला ठेवलेलं असतं. कल्पना चावला यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे: १९८२ मध्ये चंडीगडची पदवी, १९८४ मध्ये टेक्सासमध्ये मास्टर्स, १९८८ मध्ये कोलोरॅडोत डॉक्टरेट, १९९१ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व, आणि त्यानंतर १९९४ च्या अखेरीस अंतराळवीर म्हणून निवड.

प्रवासी विमानांच्या क्षेत्रात नियम तुलनेने सैल आहेत. नेदरलँड्समधलं डेल्फ्ट, फ्रान्समधल्या तूलूजची सुपएरो या संस्थांत परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात आणि युरोपच्या नागरी विमान उद्योगात त्यांना कामही मिळतं. तिथे अडते ती भाषा, आणि संरक्षणाशी जोडलेल्या विभागांत पुन्हा नागरिकत्व. ज्यांना कर्ज काढून जायचं आहे त्यांनी विद्यापीठाच्या क्रमवारीइतकीच ही गोष्ट तपासायला हवी. पन्नास लाखांचं कर्ज फेडायची नोकरी ज्या देशात मिळवायची आहे, तिथे ती नोकरी परदेशी माणसाला कायद्याने मिळू शकते का?

मग बारावीनंतर काय निवडावं?

जुन्या आयआयटीत किंवा आयआयएसटीत एरोस्पेस मिळत असेल आणि विषयाची ओढ असेल, तर घ्यायला हरकत नाही. पर्याय चांगल्या सरकारी कॉलेजातलं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध साधारण खासगी कॉलेजातलं एरोनॉटिकल असा असेल, तर पहिला बहुतेक वेळा जास्त दारं उघडी ठेवतो. इस्रोच्या भरतीला बसता येतं, कारखान्यांत जाता येतं, आणि चार वर्षांनी ओढ टिकली असेल तर गेट देऊन भारतीय विज्ञान संस्थेत किंवा आयआयटीत एरोस्पेसमध्ये एम.टेक. करता येतं. गेटचं असं की सरकारी पदव्युत्तर प्रवेशात विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळतं, त्यामुळे घरावर दुसऱ्यांदा भार पडत नाही.

तरीही खासगी कॉलेजातलंच एरोनॉटिकल घ्यायचं ठरलं, तर प्रवेशाआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावं. अभ्यासक्रमाला एआयसीटीईची मंजुरी आहे का आणि त्या शाखेला एनबीएचं मानांकन आहे का, हे विचारावं. विंड टनेल दाखवायला सांगावी आणि ती चालू करून दाखवायला सांगावी. आवारात उभं केलेलं जुनं विमान फोटोसाठी छान असतं, पण शिकवणाऱ्यांपैकी किती जणांचं स्वतःचं शिक्षण एरोस्पेसमध्ये झालंय, हे त्याहून महत्त्वाचं. नोकरी लागलेल्यांची यादी मागितली की कॉलेज कंपन्यांची नावं दाखवतं. त्यातले किती जण कोणत्या कामावर गेले, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये विचारलं तर दहा मिनिटांत कळतं.